क्षितिजाची वही
विमानतळावरील निरीक्षण रडारच्या अभ्यासाची प्रस्तावना

नवे रडार बसवायचे ठरले की सगळ्यात आधी एखाद्या उंच जागी चढावे लागते. निविदा, यंत्रे, सिमेंट हे सगळे नंतर येते. सकाळ शक्य तितकी निरभ्र निवडावी, हाती थिओडोलाइट आणि वही असावी. उत्तरेपासून सुरुवात करून अभियंता स्वतःभोवती सावकाश फिरतो आणि प्रत्येक दिशेला क्षितिज किती अंश वर आहे ते टिपत जातो. इथे अर्धा अंश, झाडांची रांग. इथे पाण्याची टाकी. इथे डोंगर, दोन अंश. फेरी पुरी झाली की वहीत एक वेडीवाकडी रेघ उमटलेली असते. पुढची पंधरा-वीस वर्षे त्या रडारला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे बरेचसे त्या रेघेनेच ठरवलेले असते.

विमानतळावरच्या निरीक्षण रडारची आखणी आणि उभारणी हा विषय शिकायला आलेल्या प्रत्येकाचे इथे मनापासून स्वागत आहे. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी असाल, स्थापत्य अभियंता असाल, भूमापन करणारे असाल किंवा हवाई वाहतूक नियंत्रक होऊ पाहत असाल. नगररचना खात्यात काम करणाऱ्यांना तर मी आग्रहाने बोलावीन. हा विषय एकट्या इलेक्ट्रॉनिक्सचा आहे, असा समज अजूनही आढळतो आणि त्याने नुकसान होते. रडार विकत घेता येते. जागा मात्र शोधावी लागते, आणि सापडल्यावर वर्षानुवर्षे राखावी लागते. पुढचे सगळे विवेचन याच एका मुद्द्याभोवती फिरते.

पण आधी, हे सारे कशासाठी, ते पाहू. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन ७६ ही विमाने हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले ३४९ जण गेले. येणारी आणि जाणारी विमाने तेव्हा एकाच मार्गिकेतून ये-जा करत. नियंत्रकाने सौदी विमानाला १४,००० फूट आणि कझाक विमानाला १५,००० फूट उंची दिली होती. कझाक विमान परवानगी नसताना त्याखाली उतरले. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत टकरीचे कारण हेच ठरले. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने याच घटनेतली दुसरी बाब महत्त्वाची आहे. दिल्लीच्या नियंत्रकापुढे त्या वेळी फक्त प्राथमिक रडारचे चित्र होते. त्यात विमान कोणत्या दिशेला आणि किती दूर आहे ते कळे, किती उंचीवर आहे ते कळत नसे. उंची वैमानिकाच्या तोंडून ऐकायची आणि त्यावर विश्वास ठेवायचा. पडद्यावर कझाक विमानाच्या ठिपक्याशेजारी १४,५०० आणि मग त्याहून कमी असा आकडा उमटला असता, तर नियंत्रकाला प्रश्न विचारायला निदान काही क्षण तरी मिळाले असते. त्या क्षणांत अपघात टळलाच असता, असे मी म्हणणार नाही. पण ते क्षण मिळायला हवे होते. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले, विमानांत टक्कररोधक यंत्रणा सक्तीची झाली आणि उंची दाखवणारे दुय्यम रडार हा भारतातल्या मोठ्या विमानतळांवरच्या कामाचा पाया बनला.

प्राथमिक आणि दुय्यम हा भेद इथेच समजून घ्यावा. प्राथमिक रडार रेडिओ लहरींचा स्पंद सोडते आणि विमानाच्या धातूवरून परतलेला प्रतिध्वनी टिपते. विमानाच्या सहकार्याची त्याला गरज नसते. विमानतळावरचे असे रडार साधारण २७०० ते २९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे दहा-अकरा सेंटिमीटरच्या लहरींवर चालते आणि सुमारे ६० सागरी मैल, म्हणजे १११ किलोमीटरपर्यंत पाहते. दुय्यम रडार प्रश्न विचारते. १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो आणि विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देतो: माझा क्रमांक हा, माझी उंची ही. प्रतिध्वनीला जाऊन-येऊन दोन्ही वाटांनी क्षीण व्हावे लागते, त्यामुळे प्राथमिक रडारचा पल्ला दुप्पट करायचा तर शक्ती सोळापट लागते. दुय्यम रडारला उत्तर ताज्या शक्तीने मिळते, म्हणून कमी शक्तीत ते कितीतरी दूर पोहोचते. दोन्ही अँटेना बहुधा एकाच मनोऱ्यावर, एकीच्या डोक्यावर दुसरी अशा एकत्र फिरतात. काही रडारांत मिनिटाला साडेबारा फेरे, म्हणजे ४.८ सेकंदांत एक फेरा होतो. तेवढ्या वेळात २५० नॉटने येणारे विमान सहाशे मीटर पुढे सरकलेले असते.

सिद्धांताची चांगली पुस्तके पुष्कळ आहेत. स्पंदांचे गणित, डॉप्लर, मोनोपल्स हे सगळे त्यांत मिळते आणि ते शिकायलाच हवे. पण ते सगळे शिकलेला तरुण जेव्हा पहिल्यांदा प्रत्यक्ष जागेवर उभा राहतो, तेव्हा त्याची गाठ डोंगराशी पडते.

एक हिशेब करून पाहू. नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या परिसरात समुद्रसपाटीपासून ३० मीटरवर एक अँटेना आहे, असे समजा. हे उदाहरण अभ्यासासाठी घेतले आहे, तिथल्या प्रत्यक्ष यंत्राचे वर्णन म्हणून नाही. पूर्वेला सुमारे २० किलोमीटरवर माथेरानचे पठार, उंची साधारण ८०० मीटर. पृथ्वीची गोलाई आणि वातावरणात किरणांचे वाकणे हिशेबात घेतले, तर अँटेनाला ते पठार जवळजवळ दोन अंश वर दिसते. दोन अंश म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी. ऐकायला क्षुल्लक वाटते. पण त्या दोन अंशांची सावली पुढे वाढत जाते आणि ५० किलोमीटरवर, भीमाशंकरच्या आसपास, समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटरखालचे काहीही त्या अँटेनाला दिसत नाही. पश्चिमेला मात्र समुद्राची बाजू आहे, असे पठार नाही. वाटेत काही आड नसेल तर तिकडे हीच अँटेना ३०० मीटरवरच्या विमानाला नव्वद किलोमीटरवरही गाठू शकते. एकच यंत्र, एकच शक्ती, आणि दोन दिशांना दोन वेगळी जगे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटायला वेळ लागू नये. घाटाखाली रेडिओ लावला तरी हाच अनुभव येतो.

मग अँटेना आणखी उंच करावी, हे पहिले उत्तर सुचते. ते अर्धेच खरे आहे. उंच चढलेल्या अँटेनाला दूरचे विमान दिसते, तशीच जवळची जमीन, इमारती, रस्त्यावरची वाहने हीही जास्त दिसू लागतात. या नको असलेल्या प्रतिध्वनींना आमच्या कामात क्लटर म्हणतात. शिवाय जमिनीवरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीला येऊन मिळते आणि उभ्या दिशेत ताकदीचे व दुबळेपणाचे पट्टे तयार होतात. अँटेना जितकी उंच तितके हे पट्टे दाट. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत विमानतळ-रडारच्या अँटेनाची उंची जमिनीपासून साधारण ८ ते २६ मीटर अशी दिली आहे, आणि लहरी परावर्तित करू शकेल अशी कोणतीही इमारत निदान ४५७ मीटर दूर असावी, असेही सांगितले आहे. हे आकडे पाठ करण्यापेक्षा त्यांमागचे कारण समजून घ्यावे. विमानाच्या मोठ्या हँगरची पत्र्याची भिंत दुय्यम रडारला आरशासारखी असते. प्रश्न भिंतीवर आपटून विमानाकडे जातो, विमान इमानदारीने उत्तर देते आणि पडद्यावर त्याच क्रमांकाचे दुसरे विमान भिंतीच्या दिशेला उमटते. नियंत्रकाला तिथे नसलेले विमान दिसणे हे असलेले विमान न दिसण्याइतकेच वाईट आहे. त्याचा पडद्यावरचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवायला महिने लागतात.

जागेबाबतचा आणखी एक मुद्दा नवख्यांच्या हातून हमखास निसटतो. क्लटरपासून सुटका करून घेण्यासाठी प्राथमिक रडार हलणाऱ्या वस्तूच दाखवते, स्थिर वस्तू गाळते. पण हलणे म्हणजे रडारच्या दृष्टीने जवळ येणे किंवा दूर जाणे. एखादे विमान रडारला वळसा घालत, अंतर न बदलता उडत असेल, तर ताशी तीनशे किलोमीटरचा वेग असूनही ते काही क्षण डोंगरासारखे स्थिर भासते आणि चाळणीत गाळले जाते. म्हणून रडारची जागा अशी निवडू नये की धावपट्टीकडे उतरण्याची शेवटची रेषा तिला आडवी स्पर्शून जाईल. उलट बाजूने, जागा उतरण्याच्या रेषेच्या अगदी खाली असली तर विमान डोक्यावरच्या मूक शंकूत शिरते. अँटेनाला सरळ वर पाहता येत नाही, त्यामुळे तिच्या माथ्यावर आकाशाचा एक शंकू कायम अंधारात असतो. धावपट्टीपासून किती दूर आणि कोणत्या कोनात, हा प्रश्न म्हणून नकाशावर दिवसेंदिवस चालतो. प्रत्येक उत्तरात काहीतरी सोडावे लागते. काय सोडले ते लिहून ठेवणे हे आखणी करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे, असे मी मानतो.

आपल्या किनाऱ्याचा एक वेगळा धडा आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईजवळच्या, सुमारे दीड मीटर लहरींवर चालणाऱ्या रडारवर उन्हाळ्याच्या दिवसांत अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी आल्याची नोंद रडारच्या अभ्यासात आजही दाखल्यासाठी सांगतात. अरबी समुद्राच्या दमट थरावर कोरडी, उष्ण हवा पसरली की दोन्हींच्या मधे लहरी अडकतात आणि नळातून वाहाव्यात तशा क्षितिजापलीकडे जातात. हे नुसते कुतूहलाचे नाही. सेकंदाला हजार स्पंद सोडणारे रडार प्रत्येक प्रतिध्वनी आपल्या शेवटच्या स्पंदाचाच मानते, आणि दोन स्पंदांमधल्या वेळात लहर १५० किलोमीटरचीच ये-जा करू शकते. मग १४०० किलोमीटरवरच्या डोंगराचा प्रतिध्वनी नऊ स्पंद उशिरा पोहोचून ५० किलोमीटरवरचा म्हणून उमटतो. स्पंदांमधले अंतर मुद्दाम कमी-जास्त केले की असा खोटा ठिपका जागेवर ठरत नाही आणि ओळखता येतो. चाचण्यांचे वेळापत्रक आखताना म्हणूनच किनाऱ्यावरच्या रडारला एप्रिल-मे महिनाही दाखवावा आणि जुलैचा पाऊसही. डिसेंबरच्या स्वच्छ हवेत घेतलेल्या चाचणीवर समाधान मानणाऱ्याला पुढे त्रास होतो.

पावसाचे थेंबही प्रतिध्वनी देतात. थेंब जवळजवळ गोल असल्यामुळे वर्तुळाकार ध्रुवीकरण वापरले की त्यांचा प्रतिध्वनी बराचसा नाकारता येतो. विमानाचा आकार ओबडधोबड, म्हणून त्याचा काही भाग तरी टिकून राहतो. ही युक्ती मला या क्षेत्रातल्या सगळ्यात सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. पवनचक्क्यांसाठी मात्र इतकी सोपी युक्ती नाही. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर आहेत तशा पवनचक्क्या रडारच्या टप्प्यात आल्या, तर त्यांच्या पात्यांची टोके विमानाच्या वेगाने फिरत असतात आणि चाळणी त्यांना गाळू शकत नाही.

आता उभारणी. तिचे तपशील पुढे सविस्तर येतीलच, त्यामुळे इथे धावती ओळख. वारंवारता आणि मनोऱ्याच्या जागेला परवानग्या लागतात, माती तपासली जाते, पाया भरतो. मनोरा वाऱ्यात किती झुकतो याला इमारतीपेक्षा कितीतरी कडक मर्यादा असते, कारण अँटेनातून निघणारा लहरींचा झोत, म्हणजे शलाका, जेमतेम दीड अंश रुंद असतो. यंत्रे दोन संचांत असतात. एक काम करतो, दुसरा तयार उभा राहतो. वीज दोन वाटांनी, जनित्र, बॅटऱ्या, भूसंपर्क, वीजरोधक. माहिती नेणाऱ्या ऑप्टिकल तारा दोन वेगळ्या रस्त्यांनी न्याव्यात. एकाच चरातून दोन तारा नेल्या तर जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. यंत्रखोलीचे जोते किती उंच घ्यायचे हे ठरवताना तो आकडा समोर असावा. खाऱ्या हवेत नट-बोल्टसुद्धा निवडून घ्यावे लागतात.

उभारणीतल्या एका कामावर मात्र थांबतो, कारण ते मला अतिशय प्रिय आहे. अँटेनाला उत्तर दिशा शिकवणे. यंत्र कितीही अचूक असो, त्याचा शून्य अंश खऱ्या उत्तरेशी जुळला नाही तर सगळे चित्र फिरते. एक दशांश अंशाची चूक ६० सागरी मैलांवर सुमारे १९० मीटर होते. एकाच रडारवर काम चालले असेल तर ही चूक लपून राहते, कारण सगळीच विमाने सारखी सरकलेली असतात. शेजारच्या रडारचे चित्र त्यावर ठेवले की एका विमानाची दोन विमाने होतात. म्हणून उत्तर तपासण्याचे अनेक मार्ग एकदम वापरतात. मोजणीने जागा पक्की केलेला कायमचा ट्रान्सपाँडर दूर कुठेतरी बसवून तो कोणत्या दिशेला दिसतो ते पाहतात. आणि सूर्य. सूर्य रेडिओ लहरींचाही उगम आहे. उगवताना, मावळताना तो अँटेनाच्या शलाकेत येतो आणि त्याची दिशा पंचांगाच्या अचूकतेने ठाऊक असते. हजारो वर्षे माणसाने दिशा ज्याच्यावरून ओळखली, त्याच्यावरूनच नवे रडारही आपली उत्तर पडताळून घेते.

त्यानंतर विमानाने तपासणी. भारतात हे काम विमानतळ प्राधिकरणाचा दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरचा तपासणी विभाग करतो. ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या दिशांनी विमान उडत राहते आणि क्षितिजाच्या वहीतली रेघ खरी की खोटी ते आकाशात ठरते. कागदावरचे आणि आकाशातले चित्र जुळले नाही, तर कागद दुरुस्त करावा. हे सांगावे लागते, कारण मोठा खर्च झालेला असताना उलटे करण्याचा मोह अनेकांना होतो. मग जुने आणि नवे रडार काही काळ शेजारी-शेजारी चालतात आणि नियंत्रक नव्या पडद्याची सवय करून घेतात. स्वीकृतीच्या कागदावर सही अभियंत्याची असते. पण रडार खऱ्या अर्थाने सेवेत येते ते रात्रपाळीचा नियंत्रक त्यावर विसंबून दोन विमानांत तीन सागरी मैलांचे अंतर ठेवायला तयार होतो तेव्हा. जिथे अशा रडारचा आधार नसतो, तिथे दोन विमानांत मिनिटांचे अंतर ठेवावे लागते आणि रांगा लांबतात.

एक प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. विमाने आता उपग्रहांवरून आपली जागा स्वतः शोधून प्रसारित करतात. ती माहिती ऐकणारी छोटी, स्वस्त केंद्रे भारतातही उभी आहेत. मग एवढा मोठा फिरता सांगाडा कशाला? माझे उत्तर स्पष्ट आहे. स्वतःहून सांगितलेली जागा आणि बाहेरून पाहिलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपग्रहांचे संकेत दाबता येतात, खोटेही पाठवता येतात. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेत अपहरण झालेल्या चारपैकी तीन विमानांचे ट्रान्सपाँडर बंद करण्यात आले. दुय्यम रडारपुढची त्यांची ओळख पुसली गेली, पण प्राथमिक रडारचा प्रतिध्वनी कोणाला बंद करता येत नाही. नव्या साधनांचे स्वागतच करावे. त्यांच्या भरवशावर प्राथमिक रडार काढून टाकावे, हा सल्ला मात्र गर्दीच्या विमानतळाला मी कधीच देणार नाही.

आणि शेवटी पुन्हा जागा. रडार चालू झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याचे क्षितिज बदलू लागते. मुंबईसारख्या शहरात तर ते दर महिन्याला बदलते. भारतात विमानतळाभोवतीच्या बांधकामांच्या उंचीवर २०१५ च्या नियमांनी बंधने आहेत, प्राधिकरणाचे रंगीत नकाशे आहेत, ना-हरकत प्रमाणपत्रे आहेत. इमारतीचे दोन मजले का कापले गेले असे विचारणाऱ्या नागरिकाला समजेल अशा भाषेत उत्तर देणे, हेही या क्षेत्राचे काम आहे. ते आपण आजवर पुरेसे केलेले नाही. नगररचनेतल्या मित्रांना सुरुवातीलाच बोलावले ते यासाठी.

वाचकहो, पुढच्या पानांकडे वळण्यापूर्वी एक काम करा. आपल्या घराच्या गच्चीवर किंवा गावाजवळच्या टेकडीवर जा. होकायंत्राने उत्तर शोधा. दर दहा अंशांना थांबून क्षितिज किती वर आहे ते मोजा. साधन नसेल तर लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याने मोजा, अंगठा म्हणजे दोन अंश. कुठे काय आड येते तेही लिहा. छत्तीस ओळी होतील. ती वही जवळ ठेवा, पहिल्याच प्रकरणात ती लागणार आहे.